भेग बुजवायचीय? आधी उदबत्ती लावा!

कन्नडला किंवा आसपासच्या गावात तुमचं आजोबांच्या काळातलं विटांचं घर आहे? मग हे ओळखीचं वाटेल. दारं-खिडक्या लावल्या तरी मे महिन्यात गरम झळा आत येतात, जानेवारीत पहाटेचा गारठा बोचतो आणि झाडून घेतलेल्या फरशीवर तासाभरात पुन्हा धूळ. ही हवा येते कुठून?

शोधून बघा. वारा असेल त्या दिवशी दारं-खिडक्या आणि पंखा बंद करा. पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने, भेगांजवळून फिरवा (पडद्यांपासून जरा लांब!). धूर जिथे थरथरेल, तिथे खडूने खूण करा.

सिमेंट का नको?

घरचे लगेच म्हणतील, "सिमेंट मारून टाका." गडबड इथेच होते. जुन्या विटा मऊ, त्यांचे सांधे मातीचे नाहीतर चुन्याचे. ऊन-पावसात अशी भिंत किंचित हलते. कडक सिमेंट तिच्यासोबत हलत नाही, तडकतं. तड्यातून पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. मग ओल, पोपडे, कुबट वास.

चुन्याचा गिलावा त्या मानाने लवचिक. तो भेगा भरतो, म्हणून वारा अडतो. पण त्याच्या बारीक छिद्रांतून भिंतीतली ओल वाफ होऊन बाहेर पडते. केमिस्ट्री तर तुम्ही शाळेतच शिकलात. चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून कळीचा चुना उरतो. पाण्यात तो विरतो. भिंतीवर लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो.

पुरावा जवळच आहे

ज्या बीबी का मकबऱ्यासमोर आपण सेल्फी काढतो, तो सगळा संगमरवरी नाही. बऱ्याच भागावर गुळगुळीत गिलावा आहे, तोही सतराव्या शतकातला. वेरूळ तर संभाजीनगरच्या वाटेवरच. तिथल्या लेण्यांच्या गिलाव्यात माती-चुन्यासोबत भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये दाखवून दिलं.

काम करताना

सुटलेला गिलावा आणि धूळ काढून भिंत ओली करा. चौकटीच्या फटीत आधी तागाचे तंतू घातलेला चुना दाबून भरा. मग चुना-वाळूचे पातळ थर, प्रत्येक थर सावकाश वाळू द्यायचा. भर उन्हाळ्यात हे काम काढू नका. चुना झपाट्याने सुकला की तडकतो. वरून ऑइल पेंट नको, चुन्याचीच सफेदी द्या. हातमोजे आणि चष्मा हवाच, चुना त्वचा आणि डोळे भाजतो.

आणि हो, धूर माळवदाजवळ किंवा खिडकीच्या झडपांपाशी हलत असेल, तर भिंतीला गिलावा करून काही होणार नाही. दुरुस्ती तिथेच लागेल. स्वयंपाकघराची खिडकीही बुजवू नका. हवा घरात यायलाच हवी, पण आपण उघडलेल्या खिडकीतून.

यंदा दिवाळीच्या आधी घरात रंगकामाचा विषय निघाला, की सिमेंटची गोणी यायच्या आत खडूच्या त्या खुणा घरच्यांना दाखवा. आणि गावात चुन्याचं काम केलेला एखादा जुना गवंडी असेल, तर त्याला आधी गाठा.