पाचगणीची हवा आणि क्षयाची औषधे

क्षयाच्या जंतूंना नेमके मारणारे औषध हाती येण्यापूर्वी उपचार म्हणजे मोकळी हवा, सकस आहार आणि महिनोन्‌महिने अंथरुणात पडून राहणे. त्यासाठी सातारा-सांगलीकडे दुरून रुग्ण येत. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीत बेल-एअर आरोग्यधाम काढले. मिरजेच्या मिशन रुग्णालयाचे संस्थापक डॉ. विल्यम वानलेस यांनी सांगली-मिरजेच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी वेगळे आरोग्यधाम उभारले. ती वस्ती आजही वानलेसवाडी म्हणूनच ओळखली जाते. अंगात ताकद टिकली तर रोगी सावरे. अनेकांची ती टिकत नसे.

१९४३ साली अमेरिकेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना मातीतल्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. त्याने रुग्ण झपाट्याने सुधारत, पण काही महिन्यांत बऱ्याच जणांचा आजार उलटे. फुप्फुसातल्या पोकळीत जंतू कोट्यवधी असतात आणि त्यांतले मोजके एखाद्या औषधाला मुळातच दाद देत नाहीत. बाकीचे मेले की तेच फोफावतात. दोन औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू मात्र अतिशय विरळा. म्हणून क्षयाला एकटे औषध देत नाहीत.

१९५२मध्ये आयसोनियाझिड आले. स्वस्त आणि पोटात घेण्याजोगे. मग आरोग्यधामाची गरज किती, हे मद्रासमध्ये १९५६पासून तपासले गेले. १९३ रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी. दोन्ही गटांना वर्षभर आयसोनियाझिड आणि पास (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल) हीच औषधे दिली. घरी राहिलेल्या रुग्णांचा आहार निकृष्ट, विश्रांतीही कमी. तरी गुण जवळजवळ सारखाच आला, आणि कुटुंबीयांना लागण जास्त झाली नाही. १९५९च्या या निष्कर्षाने जगभरच्या उपचारांची दिशा बदलली. गरीब रुग्णासाठी याहून मोठे संशोधन भारतात क्वचितच झाले असेल.

पुढे रिफॅम्पिसिनमुळे उपचार सहा महिन्यांवर आले. पण अर्धवट सोडलेल्या औषधांतून आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारा क्षय पसरला. त्यावरचे बेडाक्विलिन अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाले. जंतू ज्या विकराने ऊर्जा तयार करतो, तेच विकर हे औषध बंद पाडते. त्यामुळे सुप्त जंतूही मरतात. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचा एकत्रित उपचार भारताने २०२४ साली स्वीकारला. पूर्वी दीड-दोन वर्षे चालणारे उपचार त्यामुळे सहा महिन्यांत संपतात. मात्र बेडाक्विलिनसाठी हृदयाचा ईसीजी आणि लिनेझोलिडसाठी रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी लागते.