पट्टीची जखम आणि मे महिन्याची दुपार

‘पॅकिंगची पट्टी लागून डाव्या तळहाताला जखम.’ गोदामातून आलेल्या कामगाराच्या केसपेपरवर बहुतेक वेळा एवढेच लिहिले जाते. टाके पडतात, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते आणि माणूस घरी जातो. जखम कशाने झाली याची नोंद होते. ती भर मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, पत्र्याच्या शेडखाली झाली, त्याआधी दोन तास त्याच्या पोटात पाणी नव्हते आणि घामाने बुळबुळीत झालेले हातमोजे त्याने काढून ठेवले होते, याची नोंद होत नाही. उष्णतेचा त्रास म्हटले की आपल्याला चक्कर आणि उष्माघात एवढेच आठवते. उन्हाळ्यात कापलेला हातही अनेकदा त्याच यादीतला असतो.

भिवंडी परिसरात, मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास, मैलोन् मैल गोदामे पसरली आहेत. तिथून बाहेर पडणाऱ्या खोक्यांना, कापडाच्या गाठींना, पॅलेटवर रचलेल्या मालाला पट्टी मारलेली असते. हलक्या मालाला साध्या प्लास्टिकची, जड मालाला पॉलिएस्टरची किंवा पोलादाची. काम बघायला सोपे आहे. पट्टी मालाभोवती फिरवायची, टेन्शनरचा दांडा मागेपुढे करून ती ताणायची, जोडावर पत्र्याची क्लिप चढवायची आणि सीलरचे दोन लांब दांडे जोर लावून मिटवायचे, की क्लिप चेपली जाते. मग उरलेली पट्टी कापायची. एका पॅलेटला चार पट्ट्या धरल्या तर शंभर पॅलेटमागे चारशे वेळा टेन्शनर आणि चारशे वेळा सीलर. पॅलेटच्या खालच्या बाजूने पट्टी ओवायला दर वेळी वाकायचे, ते वेगळेच.

हे काम करताना शरीरात काय होते ते पाहू. स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो, बाकीची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकायला शरीर दोन गोष्टी करते. रक्त त्वचेकडे वळवते आणि घाम काढते. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर! कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो कोपरावरून टपकतो. टपकलेल्या घामाने पाणी आणि मीठ जाते, थंडावा मात्र मिळत नाही. म्हणून मोबाइलवर ३६ अंश दिसले की ‘विदर्भापेक्षा बरे’ असे म्हणण्यात अर्थ नाही. गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर उष्माघात वाढले, तेव्हा उष्णतेचा ताण मोजण्याचे एक माप तयार झाले. त्यात ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के महत्त्व आहे आणि उरलेल्यात तापलेल्या पृष्ठभागांकडून येणारी धग मोजली जाते. डोक्यावर तापलेला पत्रा आणि कोंडलेली दमट हवा असलेल्या गोदामात या दोन्ही बाजू भरतात.

त्वचेकडे रक्त वळले की काम करणाऱ्या स्नायूंच्या वाट्याला ते कमी येते आणि हृदयाला जास्त धावावे लागते. त्यातच घामावाटे शरीरातले पाणी कमी होते. जड कामात तासाला एक लिटर घाम जाणे अगदी शक्य असते. साठ किलोच्या माणसाच्या शरीरातले सव्वा लिटर पाणी, म्हणजे वजनाच्या सुमारे दोन टक्के, कमी झाले की लक्ष विचलित होऊ लागते, प्रतिसाद मंदावतो. ही पायरी तहान फार जाणवण्याआधीच ओलांडली जाते. त्या माणसाला चक्कर येत नाही, तो पडत नाही. त्याचे फक्त एका क्षणी दांड्याकडे लक्ष नसते.

आणि हे अवजार नेमके पकडीवर चालते. ओल्या तळव्यातून टेन्शनरचा दांडा सटकला तर ताणलेली पट्टी परत येते. सीलर अर्धवट मिटला तर क्लिप धरत नाही, आणि ती दहा मिनिटांनी, दुसऱ्याच कोणाच्या तोंडासमोर सुटू शकते. दमलेला हात जोर कमी पडतो म्हणून झटका देतो, मनगटाऐवजी खांद्याने ओढतो. प्लास्टिकच्या पट्टीची आणखी एक खोड आहे. ताणून ठेवली की ती हळूहळू ढिली पडते आणि उष्णतेत हे अधिक होते. सकाळी घट्ट मारलेली पट्टी दुपारी सैल दिसली की मुकादम ओरडतो, आणि पुढच्या पट्ट्या गरजेपेक्षा जास्त ताणल्या जातात. तुटतात त्या याच. पोलादी पट्टीचा धोका वेगळा. ती फारशी लांबत नाही, सगळा ताण धरून ठेवते आणि कापताच तिची टोके उसळतात. तिच्या कडा सुरीसारख्या असतात. ती तळहातावरून ओढली गेली तर कातडीखालची बोटे वाकवणारी शीर, म्हणजे स्नायुबंध, तुटू शकतो.

बॅटरीवर चालणारे यंत्र आले की हे सगळे संपेल असे मालकांना वाटते. थोडे खरे आहे. हे यंत्र पट्टी स्वतः ताणते आणि दोन थर वेगाने घासून, वितळवून चिकटवते; क्लिप लागत नाही. पण त्याचे वजन साधारण चार किलो असते आणि ते प्रत्येक पट्टीला उचलावे लागते. गंमत म्हणजे फार तापलेली लिथियम बॅटरी चार्जरवर लावली तर बरेच चार्जर ती थंड होईपर्यंत चार्ज करत नाहीत. ४५ अंशांच्या पुढे चार्ज करू नका, असे बहुतेक अशा बॅटऱ्यांबाबत सांगितलेले असते. यंत्राला थंड व्हायला दिलेली ती पंधरा मिनिटे माणसालाही मिळतात का, हे प्रत्येक गोदामात विचारून पाहण्यासारखे आहे.

उष्णतेचा आणि साध्या अपघातांचा हा संबंध केवळ अंदाज नाही. कॅलिफोर्नियात २००१ पासूनच्या जवळपास दोन दशकांतले कामगार भरपाईचे एक कोटीहून अधिक दावे संशोधकांनी तपासले. पारा १०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सियसच्या पुढे गेलेल्या दिवशी जखमी होण्याची शक्यता आल्हाददायक दिवसाच्या तुलनेत १० ते १५ टक्क्यांनी जास्त आढळली. त्यात पडणे, यंत्रात हात अडकणे, माल अंगावर येणे, असे ज्यांचा उन्हाशी संबंध कोणी लावला नसता, ते अपघातही होते. बंद गोदामांत काम करणारेही त्यातून सुटले नव्हते.

‘हातमोजे आणि चष्मा घाला’ हा फलक भिंतीवर असतोच. पण जाड रबरी मोजा दमट शेडमध्ये दहा मिनिटांत आतून ओला होतो आणि चष्म्यावर वाफ धरते. मग दोन्ही खुंटीवर जातात. कामगाराला बेफिकीर ठरवून हे सुटत नाही. तळव्याला कापरोधक थर आणि पाठीला हवा खेळेल असे विणलेले हातमोजे मिळतात. दर माणशी दोन जोड दिले तर एक वाळत ठेवता येतो. वाफ न धरणारे चष्मेही मिळतात. पोलादी पट्टी कापताना तरी चष्मा हवाच, आणि कापणाऱ्याने पट्टीच्या समोर नव्हे, बाजूला उभे राहावे. पक्कडीने किंवा हातोडीने पट्टी तोडण्याचा प्रकार बंद व्हायला हवा. त्यासाठी वेगळी कात्री असते.

पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहानेची वाट न पाहता. फार घाम जात असेल तर ओआरएस, किंवा लिंबू-मीठ-साखरेचे सरबत. पण इथे एक अडचण कोणी बोलत नाही. अनेक ठिकाणी स्त्रियांसाठी धड स्वच्छतागृह नसते, म्हणून त्या दिवसभर पाणी टाळतात. तिथे पाण्याचा पिंप ठेवून उपयोग नाही, आधी स्वच्छतागृह हवे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि सर्दीची झोप आणणारी गोळी खाऊन कामावर येणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

नवीन माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नये. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्के आणि पुढे रोज २० टक्क्यांनी वाढ, असे सर्वसाधारण प्रमाण सांगितले जाते. लग्नासाठी गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतलेल्या जुन्या माणसाची सवयही मोडलेली असते, हे मुकादमाच्या लक्षात येत नाही. त्याला निम्म्यापासून सुरुवात करू द्यावी. जिथे मजुरी नगावर मिळते तिथे हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, कारण सावकाश काम म्हणजे कमी पैसे. मग जड पॅलेटचे काम सकाळी अकराच्या आत उरकणे हा निदान व्यवहार्य मार्ग आहे.

तरीही घडलेच, तर तळहाताची जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी. हळद, तंबाखू, चहाची पूड काही लावू नये. बोटाचे टोक वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तुटलेला स्नायुबंध उशिरा जोडणे कठीण जाते. डोळ्याला पट्टी लागली असेल तर चोळू नये, धुऊ नये, दाब देऊ नये. वर कागदी पेला हलकेच टेकवून न्यावे.

आणि जखमी माणूस असंबद्ध बोलत असेल, लडखडत असेल, अंग भाजत असेल, तर आधी उष्माघाताचा विचार करावा. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर बादल्यांनी गार पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी इथे काम करत नाही. रक्त थांबवायला एक माणूस पुरतो. बाकीच्यांनी पाणी आणावे.