कंपवातावरील नवा उपचार आणि त्याची कसोटी

औषध घेतल्यावर रोग्याला बरें वाटूं लागलें, म्हणजे तें औषध गुणकारी ठरलें, अशी सर्वसाधारण समजूत असते. घरोघर औषधांची पारख याच रीतीनें होते, आणि सर्दीपडशासारख्या विकारांत तिच्यामुळें फारशी हानिहि होत नाहीं. परंतु उपचार जेव्हां कवटीला छिद्र पाडून मेंदूंत करावयाचा असतो, तेव्हां ‘बरें वाटतें’ एवढ्या साक्षीवर विसंबून चालत नाहीं. वाढलेल्या कंपवातावर अमेरिकेंत जनुकोपचाराची जी परीक्षा झाली, तिच्यांत या गोष्टीचें मोठें बोधप्रद उदाहरण आढळतें.

इ. स. १८१७ मध्यें लंडन येथील जेम्स पार्किन्सन या वैद्यानें या रोगाचें व्यवस्थित वर्णन लिहिलें, आणि पुढें तो त्याच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. हात कांपणें, अंग ताठरणें, चाल मंदावणें, अक्षर बारीक होत जाणें हीं त्याचीं लक्षणें होत. मेंदूच्या तळाशीं काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करतात व आपल्या लांब तंतूंच्या द्वारें तें प्युटामेन नामक भागांत पोंचवितात. शरीराच्या हालचालींत सुसूत्रता राहते ती या पुरवठ्यामुळें. पेशी मरूं लागल्या म्हणजे पुरवठा आटतो आणि कंपवात प्रकट होतो.

१९६० नंतर ही उणीव भरून काढण्यासाठीं लेव्होडोपा हें औषध प्रचारांत आलें. मेंदूंत गेल्यावर त्याचें डोपामिन बनतें. हेंच द्रव्य खाजकुयलीच्या बियांतून हिंदुस्थानांतील संशोधकांनीं १९३७ सालींच वेगळें काढलें होतें. या औषधानें प्रारंभीं उत्तम गुण येतो. परंतु कांहीं वर्षांनीं त्याचा अंमल लवकर उतरूं लागतो. अंमल असेतों रोगी हिंडतो-फिरतो, कित्येकदां त्याचे अवयव नको तितके हालतात. अंमल उतरतांच तो बसल्या जागीं खिळतो. शिवाय मरणाऱ्या पेशींचें मरण या औषधानें थांबत नाहीं.

तेव्हां त्या पेशींनाच जगवावें, असा विचार पुढें आला. न्यूर्टुरिन नांवाचें एक प्रथिन या पेशींचें पोषण करतें. परंतु तें रक्तांतून दिलें तर मेंदूंत शिरत नाहीं, आणि रोज मेंदूंत सुई घालणें तर अशक्यच. यावर तोड अशी निघाली : रोग उत्पन्न न करणारा एक विषाणु घ्यावयाचा, त्याचीं स्वतःचीं जनुकें काढून त्यांच्या जागीं न्यूर्टुरिनचें जनुक बसवावयाचें, आणि असे असंख्य विषाणु एकदांच प्युटामेनमध्यें सोडावयाचे. विषाणु पेशींत शिरून जनुक तेथें ठेवतो, आणि पेशी स्वतःच तें प्रथिन बनवूं लागते. मग तें प्रथिन तंतूंच्या वाटेनें उलट प्रवास करीत मूळ पेशींपर्यंत पोंचेल, अशी अपेक्षा होती. माकडांत तसें घडलेंहि होतें.

पहिली परीक्षा १२ रोग्यांवर झाली आणि तिचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. रात्रभर औषध बंद ठेवून सकाळीं रोग्याच्या हालचाली तपासावयाच्या व दोषांना गुण द्यावयाचे, अशी मोजण्याची पद्धति होती. वर्षअखेर दोषांचे गुण सरासरीनें १४ नीं, म्हणजे शेंकडा ३६ नीं उतरले. हा लाभ लहान नव्हे. मात्र आपल्याला नवा उपचार मिळाला आहे, हें प्रत्येक रोग्याला ठाऊक होतें, आणि तपासणाऱ्यांनाहि ठाऊक होतें.

या ठिकाणीं कंपवाताची एक खोड लक्षांत घेतली पाहिजे. व्हँकुव्हर येथील संशोधकांनीं २००१ सालीं असें दाखविलें कीं, औषध म्हणून निरुपद्रवी द्रव्य दिलें तरी रोग्याच्या मेंदूंत डोपामिन खरोखरीच स्रवतें. म्हणजे ज्या द्रव्याची उणीव, तेंच द्रव्य निव्वळ आशेनें पाझरतें! रोगी खोटें बोलत नसतो. त्याचा हात खरोखर स्थिरावतो. अशा रोगांत उपचाराचा गुण कोणता व आशेचा गुण कोणता, हें निवडावें कसें?

यासाठीं दुसऱ्या परीक्षेंत ५८ रोगी घेतले आणि त्यांची वांटणी निव्वळ दैवावर सोंपविली. ३८ जणांच्या मेंदूंत जनुक सोडण्यांत आलें. उरलेल्या २० जणांना शस्त्रक्रियागृहांत नेऊन त्यांच्या कवटीवर केवळ अर्धवट खोलीचीं छिद्रें पाडलीं व जखमा बंद केल्या. कोणावर खरी आणि कोणावर लटकी शस्त्रक्रिया झाली, हें रोग्यांनाहि कळूं दिलें नाहीं आणि त्यांना तपासणाऱ्या वैद्यांनाहि नाहीं.

ज्याला लाभाची शक्यताच नाहीं, त्याच्या डोक्यावर शस्त्र चालविणें न्याय्य आहे काय, असा आक्षेप अशा परीक्षांवर घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाहीं. आपल्या वांट्याला लटकी शस्त्रक्रिया येऊं शकेल हें रोग्याला आधीं सांगून त्याची संमति घेतलेली असते, हें त्याचें अर्धें उत्तर झालें. उरलेलें अर्धें या परीक्षेच्या निकालानेंच दिलें. वर्षअखेर जनुक मिळालेल्यांच्या दोषांचे गुण सरासरीनें ७.२१ नीं उतरले. लटकी शस्त्रक्रिया झालेल्यांचे ५.९१ नीं. हें अंतर इतकें अल्प होतें कीं, तें उपचाराचें फळ म्हणतां येईना. ते २० रोगी नसते, तर हजारों रोग्यांच्या कवट्या एका निष्फळ उपचारासाठीं उघडल्या गेल्या असत्या.

अपयशाचें कारणहि पुढें उमगलें. यांतील दोन रोगी अन्य कारणांनीं वारले. त्यांचे मेंदू तपासतां प्युटामेनमध्यें न्यूर्टुरिन आढळलें, परंतु मूळ पेशींत तें जवळजवळ पोंचलेंच नव्हतें. माकडांत जी वाट मोकळी होती, ती जुन्या रोग्यांच्या झिजलेल्या तंतूंत बंद पडली होती. म्हणून पुढें ५१ रोग्यांच्या परीक्षेंत मूळ पेशींपाशींहि जनुक सोडून पाहिलें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला तो निकालहि निराशेचाच निघाला.

सर्वच प्रयत्न असे फसले नाहींत. मेंदूच्या एका अतिउत्तेजित भागाला शांत करणारें दुसरें एक जनुक घेऊन अशीच परीक्षा झाली. तिच्या २०११ सालच्या निकालांत खऱ्या उपचारानें सहा महिन्यांत शेंकडा २३.१ व लटक्या उपचारानें शेंकडा १२.७ सुधारणा दिसली. फरक माफक, पण लटक्या शस्त्रक्रियेशीं ताडून पाहिलेला. त्यांतला निम्म्याहून अधिक भाग मात्र जनुकावांचूनहि साधला होता, हें विसरून चालणार नाहीं.

रोगानें जर्जर झालेल्या माणसाची आशा हें त्याचें धन आहे. तें कोणी हिरावून घेऊं नये. परंतु त्याच आशेवर उपचाराची किंमत ठरवूंहि नये. एखाद्या नव्या उपचारानें अमुक रोगी बरे झाले, अशी वार्ता वर्तमानपत्रांत आली, म्हणजे सुज्ञ कुटुंबानें एकच प्रश्न आधीं विचारावा : ज्यांना तो उपचार मिळाला असें केवळ वाटत होतें, त्यांचें काय झालें?