झाडानं काहीतरी करून दाखवलं पाहिजे

बी ते बी : लेखांक ४

मुलांच्या हाती पहिलं बी म्हणून आपण मेथी नाहीतर धने ठेवतो. तीन-चार दिवसांत मेथी मातीबाहेर डोकावते, मूल खूश होतं, आपणही खूश होतो. पण पुढे ती नुसती उभी राहते. काल होती तशीच आज दिसते. आठवडाभरात मुलाचं येणं थांबतं आणि कुंडीला पाणी घालायचं काम गुपचूप आईकडे जातं. मुलं आळशी असतात म्हणून असं होत नाही. त्या झाडाकडे मुलाला दाखवण्यासारखं काही उरलेलं नसतं, एवढंच.

म्हणून माझं मत असं, की मुलांसाठी झाड निवडताना फुलाचा रंग, औषधी गुण, स्वयंपाकातला उपयोग या गोष्टी मागे ठेवाव्यात. आधी विचारावं : हे झाड काही करतं का? हलतं का, मिटतं का, उडवतं का, लपवतं का? अशी झाडं आपल्याकडे भरपूर आहेत. परदेशी बियांची महागडी पाकिटं मागवायची काही गरज नाही. मृग लागलेला आहे, माती ओली आहे. पेरायला याहून बरा मुहूर्त नाही.

सगळ्यात सोपा तेरडा. जूनमध्ये पेरला तर गौरी-गणपतीच्या सुमारास फुलतो, आणि कोकणात तर गौरीच तेरड्याच्या असतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून म्हणीनं फुलाची टर उडवली आहे, पण म्हण रचणाऱ्यानं शेंगेला हात लावला नसावा. पिकत आलेली, लवदार, फुगीर शेंग दोन बोटांत हलकेच दाबायची. क्षणात तिच्या पाचही पाकळ्या आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि तपकिरी बिया चहूकडे उडतात. शेंगेच्या भिंतीत आधीपासून ताण साठलेला असतो, बोटाचं फक्त निमित्त. बी हवं असेल तर शेंगेभोवती ओंजळ धरून मगच दाबा. मुलं मात्र पहिल्या दहा-बारा शेंगा ओंजळीविनाच उडवणार, हे गृहीत धरा.

लाजाळूला थोडी जास्त तयारी लागते. तिचं बी बारीक, चपटं आणि कवचाला अतिशय टणक असतं. थेट मातीत टाकलं तर पाणी आत शिरत नाही आणि महिनाभर काहीच घडत नाही. दोन उपाय आहेत. एक, बियांवर चांगलं गरम पाणी ओतून त्या रात्रभर तशाच ठेवायच्या. सकाळी ज्या फुगलेल्या दिसतील त्या पेरायच्या. दुसरा, पॉलिश पेपरवर बी दोन-तीनदा हलकं घासायचं. गरम पाण्याचं काम मोठ्यांनी करावं, घासायचं काम मुलांना द्यावं. ते त्यांना मनापासून आवडतं. पेरताना बियांवर मातीचा पातळसाच थर हवा. पंधरवड्यात रोप दिसायला लागतं, आणि खरी पानं फुटली की खेळ सुरू होतो.

लाजाळू मिटते कशी, हे मुलाला सांगायला सोपं आहे. पानाच्या देठाच्या बुडाशी नीट बघितलं तर बारीक फुगीर गाठ दिसते. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशीही तशीच, आणखी बारीक गाठ असते. या गाठींमधल्या पेशी पाण्यानं टच्च भरलेल्या असतात. स्पर्श झाला की एका बाजूच्या पेशींतून क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जातं, ती बाजू सैल पडते आणि पान मिटतं. देठाच्या गाठीची खालची बाजू सैल पडली की अख्खं पानच खाली पडतं. पेशींत पाणी पुन्हा भरायला दहा-वीस मिनिटं लागतात. टोकाच्या पर्णिकेला हात लावला तर मिटण्याची लाट बुडाकडे सरकत जाते. हा निरोप विजेच्या रूपानं जातो, हे दाखवण्यासाठी जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात स्वतः बनवलेल्या उपकरणांवर वर्षानुवर्षे लाजाळूचेच प्रयोग केले.

रात्री लाजाळू कुणी हात न लावताही मिटते. 1729 मध्ये फ्रान्समध्ये द मेराँ नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं असंच एक रोप अंधारात ठेवून पाहिलं. ऊन दिसत नसतानाही दिवसा पानं उघडत होती आणि रात्री मिटत होती. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच होतं. सजीवांतल्या या घड्याळाचं काम पेशींत कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं काम फळमाशीवरचं, पण गोष्ट सुरू होते ती लाजाळूच्या रोपापासून. कपाटात एक दिवस कुंडी ठेवून हा प्रयोग घरीही होतो. एकच दिवस ठेवा, जास्त नको.

दुसरा प्रयोग अलीकडचा. 2014 मध्ये मोनिका गागलियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाजाळूच्या कुंड्या थोड्या उंचीवरून पुन्हा पुन्हा खाली पडू दिल्या. सुरुवातीला पानं मिटली. मग यात धोका नाही असं जणू कळल्यासारखी मिटायची थांबली. याला शिकणं म्हणायचं का, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत वाद आहे. मुलांना हा वाद जरूर सांगा, त्यांचं मत विचारा. पण एक नियम घालून द्या : एका पानाला दिवसातून दोन-चारदाच हात लावायचा. मिटलेल्या पानावर ऊन कमी पडतं, अन्न कमी तयार होतं, आणि सारखं डिवचलेलं रोप खंगतं. लाजाळू कुंडीतच ठेवा. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती मोकळ्या जमिनीत तण म्हणून पसरते आणि तिच्या काट्यांवर अनवाणी पाय पडला तर मुलांचं प्रेम तिथेच संपतं.

आता भुईमूग. माझ्या यादीत तो लाजाळूच्याही वर आहे, कारण त्याची करामत बहुतेक मोठ्या माणसांनीही पाहिलेली नसते. शहरातल्या कितीतरी जणांना शेंगा मुळांना लागतात असंच वाटतं.

वाण्याकडून कच्चे दाणे आणा. भाजलेले किंवा खारे उगवणार नाहीत. लाल साल शाबूत असलेले, न फुटलेले दाणे निवडा. कुंडी खोल नसली तरी चालेल, पण रुंद हवी. का ते पुढे कळेल. रंगाची जुनी, नीट धुतलेली बादली भोकं पाडून घेतली तर उत्तम. माती भुसभुशीत ठेवा आणि दाणा बोटाच्या एका पेराएवढा खोल पेरा. आठवड्याभरात जाडजूड दले माती उचलून वर येतात. त्याची पानंही रात्री मिटतात, हे लाजाळूच्या शेजारी कुंडी ठेवली तर मुलाच्याच लक्षात येईल.

साधारण महिन्याभरानं पिवळी फुलं येतात. ती सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत कोमेजतात. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. कोमेजलेल्या फुलाच्या बुडातून जांभळट, टोकदार दांडी निघते आणि सरळ जमिनीच्या दिशेनं वाढत जाते. शेतकरी तिला आरी म्हणतात. ‘आऱ्या सुटल्या’ हे शब्द त्या दिवसांत भुईमुगाच्या गावांत रोज ऐकू येतात. आरीच्या टोकात गर्भ असतो. ती मातीत शिरते, काही सेंटिमीटर खाली जाते, आडवी होते आणि मगच तिचं टोक फुगून शेंग धरतं. फुगायला तिला अंधार लागतो. शेंड्याकडची, उंचावरची आरी मातीपर्यंत पोहोचलीच नाही तर शेंग होत नाही. म्हणून काही शेतकरी या काळात पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, म्हणजे आऱ्या जमिनीला टेकतात. कुंडी रुंद हवी ती याचसाठी; अरुंद कुंडीत निम्म्या आऱ्या काठाबाहेर लोंबकळतात. मुलाला सांगा, एका आरीखाली कागदाचा तुकडा ठेव आणि दुसरी मातीत जाऊ दे, मग दोघींचं काय होतं ते बघ.

शेंगेची आणखी एक खोड आहे. तिला लागणारं कॅल्शियम ती मुळांकडून घेत नाही, स्वतःच भोवतालच्या मातीतून शोषते. म्हणून शेतात आऱ्या सुटायच्या वेळी जिप्सम देतात. कुंडीला चिमूटभर पुरे. आऱ्या मातीत गेल्यावर खुरपं मात्र लावू नका. साधारण चार महिन्यांनी झाड उपटा, म्हणजे शेंगांबरोबर मुळांवरच्या बारीक गाठीही दिसतील. एक गाठ नखानं फोडायला सांगा. आत गुलाबी रंग दिसला तर हवेतला नायट्रोजन पकडणारे जिवाणू तिथे कामावर आहेत.

गुलबक्षीबद्दल थोडक्यात. ती दुपार उलटल्यावर उमलते, त्यामुळे शाळेतून आलेल्या मुलाला ती अगदी वेळेवर भेटते. जर्मनीत कार्ल कॉरेन्स यांनी आनुवंशिकतेचे काही महत्त्वाचे प्रयोग याच झाडावर केले. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून गुलाबी फुलं आली, आणि त्या गुलाबीच्या पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी अशी तिन्ही. एका फुलाला एकच बी येतं, हिरव्या वाटीत ठेवल्यासारखं, काळं, सुरकुतलेलं. फुलाच्या देठाला त्याच रंगाचा दोरा बांधा, बी वेगळं ठेवा आणि त्यातून कोणत्या रंगाची फुलं येतात ते बघा. हे बी हुबेहूब मिऱ्यासारखं दिसतं आणि ते विषारी आहे, पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. ते स्वयंपाकघरात अजिबात येऊ देऊ नका.

याच कारणासाठी गुंज आणि एरंड या लेखमालेत येणार नाहीत. गुंजेची लाल-काळी बी मुलांना हमखास आवडते, पण ती चावून पोटात गेली तर जीवघेणी ठरू शकते. शाळेच्या बियासंग्रहात गुंजा असतील तर त्या काढायला सांगा. आणि बियाण्यांच्या दुकानातल्या गुलाबी किंवा निळ्या रंगाच्या बियांवर बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्या मुलांच्या हाती देऊ नयेत.

राहिली कपाळफोडी. तिच्या हिरव्या, कागदी फुग्यात तीन कप्पे असतात, कप्प्यात एकेक काळंभोर बी, आणि प्रत्येक बीवर पांढरा बदाम काढलेला. फुगा कपाळावर आपटून फोडायचा खेळ आजी-आजोबांना माहीत असेल, विचारून बघा. तिचं बी सहसा विकत मिळत नाही. पावसाळा सरल्यावर रस्त्याकडेच्या कुंपणांवर तिचे वाळलेले, तपकिरी फुगे दिसतील. मुलांना घेऊन जा, बिया गोळा करा, कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, आणि पाकिटावर जागा व तारीख मुलाच्याच अक्षरात असू द्या. पुढच्या जूनला त्या पेरता येतील.