दोन फौजदार आणि राष्ट्रपती भवनाची वाट

१२ ऑगस्ट २००२ रोजी भारताच्या उपराष्ट्रपतिपदासाठी मतदान झाले. एका बाजूला राजस्थानचे भैरोसिंह शेखावत होते, दुसऱ्या बाजूला आपल्या नांदेड-लातूरजवळच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. दोघांचे पक्ष वेगळे, प्रांत वेगळे, वयातही अठरा वर्षांचे अंतर. पण दोघांच्या आयुष्यातले एक पान सारखे होते. दोघांनीही तरुणपणी पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टरची, म्हणजे आपल्या बोलीतली फौजदारकी केली होती. देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी त्या दिवशी दोन माजी फौजदार समोरासमोर उभे होते. शेखावतांना ४५४ मते पडली, शिंदेंना ३०५.

नांदेड-लातूरकडे पोलिसाच्या वर्दीबद्दल ओढ किती आहे, हे पहाटे पाचला रस्त्यावर उतरले की दिसते. भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी अंधारातच पळायला निघतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग शंभर मीटर, मग गोळाफेक. एखादा कडक पोलीस अधीक्षक जिल्ह्यात आला, त्याने मटक्याचे अड्डे उठवले, रात्रीची गस्त वाढवली, की चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येते, ‘असा माणूस वर पाहिजे.’ हे ‘वर’ म्हणजे नेमके कुठे, आणि तिथवर पोचायची वाट कशी आहे, ते समजून घेण्यासारखे आहे.

जिथे जनता थेट राष्ट्रपती निवडते

जगात असेही देश आहेत जिथे ही इच्छा मतपेटीत थेट टाकता येते. त्यांपैकी फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष जनता निवडते. मुदत सहा वर्षांची, पुन्हा उभे राहता येत नाही, आणि मतदानाची फेरी एकच. ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून आला, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. फिडेल रामोस हे तिथल्या पोलीस दलाचे, म्हणजे कॉन्स्टॅब्युलरीचे, प्रमुख होते. १९९२ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, तेही २४ टक्क्यांहून कमी मतांवर, कारण रिंगणात उमेदवार पुष्कळ होते.

दुसरे नाव पॅनफिलो लॅक्सन यांचे. १९९९ ते २००१ या काळात ते राष्ट्रीय पोलीस दलाचे प्रमुख होते. वाहनचालकांकडून चिरीमिरी उकळणाऱ्या पोलिसांना त्यांनी वेसण घातली आणि त्यावर लोक खूश झाले. त्यांच्या नावाला न्यायबाह्य हत्यांचे गंभीर आरोपही चिकटले आणि ते खटले वर्षानुवर्षे गाजले. २००४ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा सुमारे ३५ लाख मते घेऊन तिसरे आले. २०२२ मध्ये पुन्हा उभे राहिले तेव्हा ९ लाखांच्या आत थांबले आणि पाचव्या क्रमांकावर गेले. मधल्या काळात सेनेटवर मात्र लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. शिस्तीच्या अधिकाऱ्याबद्दलचा आदर खरा असतो, पण तो आदर सर्वोच्च पदाच्या मतात उतरेलच असे नाही, हे या आकड्यांतून दिसते.

सोलापूरच्या कोर्टातला शिपाई

आता आपल्याकडच्या दोन फौजदारांकडे येऊ.

सुशीलकुमार शिंदे यांचा जन्म ४ सप्टेंबर १९४१ चा. घरची गरिबी. सोलापूरच्या न्यायालयात शिपायाच्या नोकरीपासून सुरुवात, काम करत शिक्षण, आणि १९६५ च्या सुमारास पोलीस खात्यात फौजदार. सहा वर्षांनी, १९७१ मध्ये, त्यांनी वर्दी उतरवली आणि काँग्रेसमध्ये प्रवेश केला. करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत गेले आणि पुढे राज्याचे अर्थमंत्री झाले. २००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदाला ते उभे राहिले तेव्हा महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी लातूरचे विलासराव देशमुख होते. पराभवानंतर पाचच महिन्यांनी, १८ जानेवारी २००३ रोजी, त्याच विलासरावांच्या जागी शिंदे मुख्यमंत्री झाले. विलासरावांचे गाव बाभळगाव, आणि त्याच बाभळगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे कवायत शिकणाऱ्या पोराला हा इतिहास ठाऊक असायला हवा.

त्याहून मोठी गोष्ट ३१ जुलै २०१२ ला घडली. शिंदे केंद्रीय गृहमंत्री झाले. आयपीएस केडरचे नियंत्रण ज्या मंत्रालयाकडे असते, केंद्रीय राखीव पोलीस दलापासून सीमा सुरक्षा दलापर्यंतची दले ज्याच्या अखत्यारीत येतात, त्या मंत्रालयाच्या खुर्चीवर एकेकाळचा फौजदार बसला. ज्याने कधी वरिष्ठांना सलाम ठोकले, त्याच्यापुढे आता पोलीस महासंचालक उभे राहू लागले.

या खुर्चीशी आपल्या भागाचे नाते जुने आहे. नांदेडचे शंकरराव चव्हाण १९९१ ते १९९६ या काळात केंद्रीय गृहमंत्री होते. चाकूरचे शिवराज पाटील २००४ ते २००८ या काळात. एका बाजूला गोदावरी, दुसऱ्या बाजूला मांजरा, आणि देशाच्या गृहखात्याला दोन मंत्री या दोन जिल्ह्यांनी दिले.

खाचरियावासचा शेतकरी

भैरोसिंह शेखावतांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२३ चा, सीकरकडच्या खाचरियावास गावचा. वडील लवकर गेले, कॉलेज राहिले, शेती करावी लागली आणि पोलिसात फौजदारकीही. १९५२ च्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत ते जनसंघाचे उमेदवार म्हणून निवडून आले. त्यानंतर तीन वेळा राजस्थानचे मुख्यमंत्री. गावातल्या सर्वांत गरीब कुटुंबांपासून मदत सुरू करणारी अंत्योदय योजना त्यांच्या पहिल्या कारकिर्दीतली. पहिल्या निवडणुकीपासून उपराष्ट्रपतिपदापर्यंत बरोबर ५० वर्षे गेली. फौजदारकी त्या ५० वर्षांच्या आधीची.

२००७ मध्ये तेच शेखावत राष्ट्रपतिपदासाठी अपक्ष म्हणून उभे राहिले. भाजप आणि मित्रपक्षांचा त्यांना पाठिंबा होता. माजी पोलीस अधिकारी राष्ट्रपती भवनाच्या इतक्या जवळ आला, ती ही निवडणूक.

२००७ : लातूरचे नाव आणि जळगावचा निकाल

त्या वर्षी लातूर जिल्ह्याला एक वेगळीच हुरहुर होती. काँग्रेसकडून राष्ट्रपतिपदासाठी शिवराज पाटील चाकूरकर यांचे नाव पुढे आले होते. लातूरमधून सलग सात वेळा लोकसभा, १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्षपद, आणि तेव्हा गृहमंत्री. डाव्या पक्षांनी ते नाव मान्य केले नाही. जूनच्या मध्यात नाव ठरले ते जळगावच्या प्रतिभा पाटील यांचे. त्या तेव्हा शेखावतांच्याच राज्याच्या, राजस्थानच्या, राज्यपाल होत्या.

इथून पुढे मराठी माणसाचा प्रश्न आला. भाजपची जुनी मैत्रीण असलेल्या शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. नांदेड आणि लातूर या दोन्ही जागांवर त्या वेळी भाजपचे खासदार होते, नांदेडला डी. बी. पाटील आणि लातूरला रूपाताई पाटील निलंगेकर. मतदान गुप्त असते आणि पक्षाचा व्हिप लागू होत नाही, म्हणून कोणाचे मत कुठे गेले ते कागदावर येत नाही.

१९ जुलैला मतदान झाले, २१ ला निकाल लागला. प्रतिभा पाटील यांचे मतमूल्य ६,३८,११६, शेखावतांचे ३,३१,३०६. शेखावतांनी त्याच दिवशी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. १५ मे २०१० रोजी जयपूरला त्यांचे निधन झाले.

आपल्या आमदाराचे १७५

हे मतमूल्य काय असते, ते नांदेड-लातूरच्या हिशेबाने पाहू.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपण मत देत नाही. निवडून आलेले खासदार आणि आमदार देतात. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येवरून काढतात. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागले आणि पुन्हा एक हजाराने भागले की उत्तर येते १७५. मुंबईच्या आमदाराचेही १७५ आणि किनवटच्या आमदाराचेही १७५.

मतदानाच्या दिवशी आमदार मुंबईत विधान भवनात जातो. त्याच्या हाती गुलाबी मतपत्रिका येते, खासदाराची हिरवी असते. त्यावर फुली किंवा शिक्का नसतो, नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा असतो, १, २, असा. मग ती पेटी मोहोरबंद होते आणि विमानाने दिल्लीला जाते.

नांदेड जिल्ह्यात आज ९ आमदार आहेत, लातूरमध्ये ६. पंधरा जणांचे मिळून मतमूल्य २,६२५. २०२२ च्या निवडणुकीत एका खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते, म्हणजे आपले पंधरा आमदार मिळून चार खासदारांनाही पुरत नाहीत. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत तर आमदाराला मतच नसते, तिथे फक्त खासदार. उमेदवारीसुद्धा कोणालाही सहज भरता येत नाही. राष्ट्रपतिपदाच्या अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, आणि तेही मतदार असलेले खासदार-आमदारच.

वर्दीनंतरची वाट

महाराष्ट्रात मोठ्या हुद्द्यावर राहून राजकारणात उतरलेले पोलीस अधिकारी आहेत. मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१४ मध्ये पद सोडले आणि ते उत्तर प्रदेशातल्या बागपतमधून खासदार झाले. त्यांच्या आधीचे आयुक्त अरूप पटनायक ओडिशात गेले, २०१९ मध्ये भुवनेश्वरला आणि २०२४ मध्ये पुरीला पराभूत झाले. सुरेश खोपडे यांनी १९८८ मध्ये भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेले ते शहर १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना शांत राहिले. एवढे मोलाचे काम गाठीशी असलेले खोपडे २०१४ मध्ये बारामतीतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले.

शेखावत आणि शिंदे यांची गोष्ट याहून वेगळी आहे. दोघेही पोलिसात लहान हुद्द्यावर होते आणि दोघांनी वर्दी लवकर उतरवली. त्यानंतर तीस ते पन्नास वर्षे ते मतदारांच्या दारात राहिले, हरले, जिंकले. वर्दीने त्यांना शिस्त दिली असेल, पण देशाच्या सर्वोच्च पदांच्या उमेदवारीपर्यंत त्यांना नेले ते या वर्षांनी.

म्हणून एखाद्या चांगल्या अधिकाऱ्याकडे पाहून ‘असा माणूस वर पाहिजे’ असे मनापासून वाटले, तर ते वाटणे टपरीवर सोडून देऊ नका. तो माणूस वर्दी उतरवून गावोगावी फिरायला तयार आहे का, ते विचारा, आणि तयार असेल तर त्याच्यासोबत फिरा. राष्ट्रपती निवडण्याचा हक्क नांदेड-लातूरच्या मतदाराला थेट नाही. पण २,६२५ मतमूल्य ज्यांच्या हाती जाते ते पंधरा आमदार कोण असावेत, हे आपणच ठरवतो.