मुलाच्या हाती चाकू द्यावा काय?

बालवीर पथकात नाव घातलेला मुलगा घरी आला, की तो आईबापांजवळ ज्या वस्तू मागतो त्यांत स्कार्फ, शिट्टी व दोरी ह्यांच्या जोडीला एक मिटता चाकूही असतो. स्कार्फ आणि शिट्टी आपण हौसेने घेऊन देतो. चाकूचे नाव निघाले की मात्र घरातली वडील मंडळी एकमुखाने 'नको' म्हणतात. माकडाच्या हाती कोलीत देऊ नये, ही म्हण आजीच्या ओठावर तयारच असते. ती ऐकविली की विषय संपतो. पण मुलाच्या मनातला विषय खरोखर संपतो काय, ह्याचा विचार आईबापांनी करावयास हवा.

आपल्या खेड्यापाड्यांतील घरे धारेच्या हत्यारांनी भरलेली असतात. स्वयंपाकघरात विळी व सुरी, पडवीत कोयता, गोठ्यात विळा, माळ्यावर कुऱ्हाड आणि आजोबांच्या पानाच्या तबकात अडकित्ता. दहा वर्षांची मुलगी विळीवर बसून नारळ खवते, तेव्हा कोणास त्यात काही वावगे वाटत नाही. बारा वर्षांचा मुलगा वडिलांमागोमाग कोयता घेऊन मळ्यात जातो, तेही आपण सहज पाहतो. मात्र ही मुले जे शिकली ते केवळ पाहून शिकली. पाहून हाताला वळण लागते. परंतु काय करू नये आणि का करू नये, हे पाहून कळत नाही. ते कोणीतरी जवळ बसवून सांगावे लागते.

निव्वळ बंदी घातल्यानेही हेतू साधत नाही. ज्या मुलास चाकूला हात लावण्याची मनाई आहे, तो एखाद्या दुपारी सारे झोपले असता फळीवरची सुरी काढतो. बोट कापले, तर मार बसेल ह्या भीतीने ते फडक्यात गुंडाळून खिशात लपवितो. दोन दिवसांनी बोट सुजून ठणकू लागले म्हणजे आईला कळते. जखम लहान असली तरी ती लपविण्याची सवय लहान नव्हे. म्हणून चाकू द्यावा की न द्यावा, ह्यापेक्षा तो कसा द्यावा, हा खरा प्रश्न आहे.

आधी पात्रता, मग चाकू

बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल ह्यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचे पहिले शिबिर भरविले. पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, त्यांचे 'स्काउटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक निघाले. 1909 पासून हिंदुस्थानातही पथके निघू लागली आणि 1950 मध्ये निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' ही संस्था स्थापन झाली. मुलावर विश्वास टाकावा, म्हणजे तो विश्वासास पात्र होऊ लागतो, हे ह्या चळवळीचे पहिल्यापासूनचे सूत्र आहे.

चाकूच्या बाबतीत हे सूत्र कसे पाळावे, ह्याविषयी अमेरिकेतील बालवीरांची एक रीत आपणांस घेण्यासारखी आहे. तेथील संघटनेत (2025 पासून तिचे नाव 'स्काउटिंग अमेरिका' असे झाले आहे) बालवीरास 'टोटिन चिप' नावाचे एक लहानसे कार्ड मिळवावे लागते. चाकू, कुऱ्हाड व करवत कशी धरावी, कशी वापरावी आणि कशी जपावी, हे त्याने आपल्या प्रमुखांसमोर प्रत्यक्ष करून दाखवावयाचे असते. हत्यार हे काम करण्याचे साधन आहे, खेळणे नव्हे, हे त्यास मान्य करावे लागते. दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस करणार नाही आणि परवानगीवाचून व कारणावाचून झाड तोडणार नाही, असेही कबूल करावे लागते. हे सारे झाल्यावरच त्यास हत्यार बाळगण्याचा अधिकार मिळतो. निष्काळजीपणा केल्यास तो अधिकार काढून घेता येतो. कित्येक पथकांत तर प्रत्येक चुकीस कार्डाचा एक कोपरा कापण्याची प्रथा आहे. चारही कोपरे गेले, की पहिल्यापासून शिकणे आले.

ह्यात रागावणे नाही की मारणे नाही. अधिकार कष्टाने मिळतो आणि बेपर्वाईने जातो, एवढेच मुलास स्वच्छ दिसते. असे कार्ड आपल्या घरीही जाड पुठ्ठ्याचे करता येईल. वयाचा आकडा मात्र सर्वांना सारखा लावू नये. पाते उघडण्याइतके बळ बोटांत आहे काय, पाव तास एका कामात लक्ष राहते काय, आणि 'थांब' म्हटल्याबरोबर मुलगा थांबतो काय, ह्या तीन गोष्टी पाहाव्या. तिसरी सर्वांत महत्त्वाची.

पहिले धडे

पहिल्या दिवशी धारेचा चाकू देऊच नये. साबणाची वडी आणि बोथट सुरी देऊन मासा किंवा होडी कोरावयास सांगावे. हात बसला म्हणजे मिटता चाकू उघडणे व मिटणे शिकवावे. कारण मिटता चाकू मिटताना बोटे कापण्याचा धोका फार असतो. उघडताना एका हाताने मूठ धरावी, पण बोटे पात्याच्या खाचेवर येऊ देऊ नयेत. दुसऱ्या हाताने पाते पाठीकडून धरून पूर्ण उघडावे. मिटताना मुठीकडील बोटे खाचेपासून दूर ठेवून पात्याच्या पाठीवर तळहाताने दाब द्यावा. घाई करू नये. हे वीस-पंचवीस वेळा आपल्या देखत करून घ्यावे.

त्यानंतर 'मोकळे वर्तुळ' शिकवावे. काम सुरू करण्यापूर्वी मुलाने मिटलेला चाकू हातात धरून हात पुढे लांब करावा आणि स्वतःभोवती सावकाश फिरावे. हाताच्या टप्प्यात कोणी माणूस वा वस्तू आली नाही, तर जागा योग्य समजावी. काम चालू असता धाकटे भावंड त्या वर्तुळात शिरले, तर मुलाने तत्काळ थांबून चाकू मिटावा.

काम बसूनच करावे. पाते अंगापासून दूर, बाहेरच्या दिशेने चालवावे. दोन्ही मांड्या व त्यांमधली जागा ह्यांच्यावर काठी ठेवून कधीही तासू नये. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. तेथे पाते घुसले, तर काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते. म्हणून पुढे वाकून, कोपरे गुडघ्यांवर टेकून, गुडघ्यांच्या पुढे काम करावे. काठी धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे असावा. मुलगा डावखुरा असेल तर त्यास त्याच्या डाव्याच हाताने काम करू द्यावे. बळेच हात बदलावयास लावल्याने धोका वाढतो.

दुसऱ्यास चाकू देताना तो मिटूनच द्यावा. घरातील सुरी मिटत नाही. ती देताना मूठ घेणाऱ्याकडे करावी आणि त्याने 'घेतली' असे म्हटल्यावाचून सोडू नये. उघडे पाते घेऊन चालू वा धावू नये. चाकू फेकू नये, जमिनीत रुतवू नये, डबा उघडण्यास किंवा खिळा उपसण्यास त्याचे टोक वापरू नये. साध्या मिटत्या चाकूस पाते अडकवून ठेवणारी कळ नसते. टोकावर उलटा जोर पडला, की ते बोटांवर मिटते. शाळेच्या दप्तरात, बसमध्ये वा जत्रेच्या गर्दीत चाकू नेऊ नये. आपली कित्येक कुटुंबे विमानाने आखाती देशांत जातात-येतात. हातातल्या पिशवीत राहिलेला लहानसा चाकूही विमानतळावर काढून घेतला जातो, हेही मुलांस सांगून ठेवावे.

धार आणि लाकूड

बोथट चाकू निर्धोक असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. बोथट पात्यास जोर फार लावावा लागतो, जोर लावला की पाते घसरते, आणि घसरलेले पाते कोठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून धार लावणे हाही शिक्षणाचा भाग आहे. ओल्या दगडावर पाते थोडे कलते धरून दोन्ही बाजूंनी सारखेच हात द्यावे. धार पाहण्यास अंगठा फिरवू नये. कागदाचा तुकडा कापून पाहावा. काम झाल्यावर पाते पुसून कोरडे करावे आणि बिजागरीवर तेलाचा थेंब सोडावा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ह्याची विशेष गरज असते.

तासण्यासाठी पांगाऱ्यासारखे मऊ लाकूड घ्यावे. वाऱ्याने पडलेल्या फांद्या असल्या तर उत्तम. कण्हेर मात्र वर्ज्य समजावी. तिचे सर्व भाग विषारी आहेत, आणि शिबिरात कण्हेरीच्या काडीला मांस टोचून भाजणे जिवावर बेतू शकते. बिब्ब्याच्या झाडासही पाते लावू नये, कारण त्याच्या रसाने अंगावर फोड येतात. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस मोठी इजा होते. उभ्या झाडावर आपले नाव कोरणे ही तर हौस नव्हे, ती त्या झाडास केलेली जखम आहे. सालीखालून झाडाचे अन्न वाहत असते. सभोवार साल कापली गेली तर झाड वाळून जाते.

कापलेच तर

इतके करूनही एखादे वेळी बोट कापणारच. तेव्हा काय करावे, हे मुलास आधीच ठाऊक असावे. प्रथम चाकू मिटून बाजूस ठेवावा. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवावी, स्वच्छ फडके घट्ट दाबून हात वर धरावा आणि दहा मिनिटे फडके उचलून पाहू नये. रक्त फार वाहत असेल, तर धुण्यात वेळ न घालविता आधी दाबावे. चुना, राख, चहाची पूड वा शेण जखमेत भरू नये; त्याने जखम चिघळते.

रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल, बोट वाकत वा सरळ होत नसेल, किंवा बोटाच्या टोकास स्पर्श कळत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बोट न वाकणे म्हणजे आतील स्नायुबंध तुटला असण्याचा संभव असतो. उशीर केल्यास बोट जन्मभर ताठ राहू शकते. धनुर्वाताच्या लशीविषयीही डॉक्टरांस विचारावे. सरकारी लसीकरणात 10 व्या व 16 व्या वर्षी टीडी लस दिली जाते. ती आपल्या मुलांस टोचली आहे की नाही, हे कार्ड काढून आजच पाहावे.

आईबापांनी एक मात्र ध्यानात ठेवावे. मुलगा कापलेले बोट घेऊन आपणहून पुढे आला, तर पहिले शब्द रागाचे नसावेत. प्रथम जखम पाहावी; कोणता नियम मोडला, हे मागाहून शांतपणे विचारावे आणि पुठ्ठ्याच्या कार्डाचा कोपरा कापावयाचा असेल तर तो तेव्हा कापावा. ज्या घरात खरे सांगणाऱ्यास आधी मलमपट्टी मिळते, त्या घरात मूल पुढचे खरेही सांगते.

आणि मुलगा जे ऐकतो त्याहून अधिक पाहतो. वडिलांनी कोयता वाटेत टाकून जाऊ नये. आईने विळीचे काम झाल्यावर पाते मिटून ती भिंतीशी ठेवावी. आजोबांनी सुरी देताना मूठ पुढे करावी. येत्या रविवारी दुपारी अर्धा तास काढून मुलामुलींस जवळ बसवावे, साबणाची एक वडी व एक बोथट सुरी पुढे ठेवावी, आणि पहिला धडा सुरू करावा.