बारा आठवड्यांचा हिशोब

मराठीत गरोदरपण दिवसांत मोजतात. बाईला ‘दिवस जातात’ आणि पुढे ते ‘भरतात’. दवाखान्याच्या कार्डावर मात्र आठवडे असतात आणि ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. उशिरा नाव नोंदवणाऱ्या बाईला ‘अडाणी’, ‘निष्काळजी’ म्हणण्याआधी हा हिशोब मांडून पाहावा, असं मला वाटतं.

पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी, असा आरोग्य खात्याचा आग्रह असतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2016 ची शिफारसही तीच आहे. या बारांपैकी पहिले दोन आठवडे गर्भ राहिलेलाच नसतो. चौथा संपताना पाळी चुकते. जिची पाळी एरवीही मागेपुढे होते, ती आणखी महिनाभर वाट पाहते, झाले आठ. हातात उरले चार. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला तर पाळी परत सुरू होण्याआधीच दिवस जाऊ शकतात. चुकायला तिच्याकडे पाळीच नसते! अशा बाईला कधीकधी पोटात हालचाल जाणवल्यावरच कळतं.

उरलेल्या चार आठवड्यांवर घराचा हक्क. ‘तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये’ हा आपल्याकडचा दंडक. त्याला मी नुसती अंधश्रद्धा म्हणणार नाही. बहुतेक गर्भपात याच काळात होतात, आणि चारचौघांत सांगून बसल्यावर गमावणं अधिक जड जातं. पण आशाताई घरी येऊन नाव लिहून घेते, म्हणजे गल्लीला कळतंच. दृष्ट लागू नये म्हणून घर जे तीन महिने झाकून ठेवतं, नेमके तेच सरकार मागतं.

तरीही चित्र बदलतं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या मातांचं देशातलं प्रमाण 2015-16 मध्ये 59 टक्क्यांच्या आसपास होतं, 2019-21 मध्ये ते 70 झालं. मागे राहतात त्यांत तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या बायका असतात. आधीची बाळंतपणं सुखरूप झालेली असतात, आणि ‘अजून एक?’ हा प्रश्न दवाखान्याच्या दारातच ऐकावा लागेल याची धास्तीही असते.

उशिराने बिघडतं काय? रक्तदाबाचं घ्या. गर्भारपणाच्या मध्यावर तो आपोआप थोडा उतरतो. म्हणून आधीपासून रक्तदाब असलेल्या बाईची पहिली तपासणी पाचव्या महिन्यात झाली, तर आकडा सर्वसाधारण दिसू शकतो. आठव्यात तो चढला की दुखणं जुनं की गर्भारपणातलं, हे ठरवायला मागचा आकडाच नसतो. तारखेचंही तसंच. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून प्रसूतीची तारीख साधारण आठवडाभराच्या फरकाने सांगता येते. शेवटच्या तिमाहीत हा फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. मग बाळ खुरटलंय की दिवसच कमी भरलेत, याचा उलगडा होत नाही.

आणि जिथे रोजच्या कामाचाच हिशोब आड येतो, तिथे? बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या मागेपुढे परततात. हंगामात कारखान्यांच्या आसपास त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचलही जोडीवर. बायको दवाखान्यात गेली की त्या दिवशी कोयता बंद, खाडा दोघांचा, आणि त्याचे पैसे हिशोबात कापले जातात. पहाटे फडात जायचं, गाडी येईल तेव्हा, रात्रीसुद्धा, मोळ्या भरायच्या. तपासणीची वेळ नेमकी तोडणीच्या वेळेत. कार्तिकात दिवस गेले तर माघापर्यंतचे सगळे आठवडे फडातच सरतात. फडाजवळच्या गावातल्या आशाताईच्या वहीत तिचं नाव बहुधा नसतं, आणि स्वतःच्या गावच्या वहीत ती ‘बाहेरगावी’ असते. कार्ड निघतं ते परतल्यावर, पाचव्या-सहाव्या महिन्यात. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख लिहायची जागा असते. ती विचारली की बाई आठवू लागते, तेव्हा आपण कोणत्या गावच्या फडात होतो.